हिरवी तार

"चप्पल हायच व्हय रे अजून पायात?"

दुकानाच्या पायरीवरनं आवाज आला तेव्हा मी एका मिक्सरचं पोट फाडून बसलो होतो. मान वर केली नाही, पण हात थांबला. गिऱ्हाईक असं बोलत नाही. माझ्याशी असं बोलणारी माणसं मिरजेत चार होती, आणि त्यातली दोन मेली होती.

"घरात चप्पल, दुकानात चप्पल, स्टेजवर चप्पल. देवापुढं तरी काढतोस का न्हाई, भूपाल्या?"

गौस बारगीर. आमच्या ऑर्केस्ट्राचा लाईटवाला. पंधरा वर्षांत पंचवीस वर्षांनी म्हातारा झालेला. एके काळी अख्खा स्टेज एका हातावर तोलणारा गडी, आता पायरी चढताना भिंतीला हात लावत होता. मागं रस्त्यावर त्याचा केळीचा हातगाडा उभा. गाड्यावर केळी नव्हती, चादरीत बांधलेलं काहीतरी जड होतं.

"केळी खपत न्हाईत म्हणून दारात आलास काय?" मी म्हणलं.

"केळी खपली सगळी. हे ऱ्हायलंय." त्यानं चादर ओढली.

मी ओळखलं. न ओळखून काय करतो. काळं रेक्झिन एका कोपऱ्यात उंदरानं खाल्लेलं, पुढचं कापड शेणाच्या रंगाचं झालेलं, आणि बाजूच्या फळीवर खिळ्यानं कोरलेला 'भू'. शाळेत मी काही टिकलो नाही, पण माझं अक्षर मला कळतं.

ते माझं होतं. व्हॉल्व्हचा गिटार अँप्लिफायर. मुंबईत एक गोवेकर वादक दुबईला चालला होता, त्याच्याकडनं आणलेला. आमच्यात सगळे त्याला 'खोकं' म्हणायचे. दोघांनी उचलावं लागायचं. बटन दाबलं की लगेच बोलायचं नाही. आधी तापायचं, मग आतल्या व्हॉल्व्हच्या काचा लाल व्हायच्या, आणि मग असं बोलायचं की पुढच्या रांगेतला म्हातारा पान चघळायचा थांबायचा. रजनीकमल ऑर्केस्ट्रात मी नऊ वर्षं त्याच्यावर गिटार वाजवली. बायकोचा दमा वाढला तेव्हा ऑर्केस्ट्रा सोडला, रिपेरीचं दुकान टाकलं, आणि खोकं माझ्या हाताखालच्या पोराला देऊन टाकलं. इम्मानुएल आवळे. आमचा इमू.

"रूथवहिनीच्या माळ्यावर हुतं," गौस म्हणाला. रूथ म्हणजे इमूची बायको. "पोलिसांनी परत दिल्यापासनं तिनं हात लावला न्हाई. मागितलं, तर म्हणली न्या."

"कशाला आणलंस?"

"उघडायला."

"मेलंय ते, गौस. उंदरांनी आत काय ठेवलं असंल?"

"मेलेलंच उघडून बघत्यात. इमूला उघडून बघितलं का न्हाई दवाखान्यात? ह्याला कुणी बघितलं न्हाई."

त्यानं खोकं ढकलत ढकलत पायरीपर्यंत आणलं. दोघांनी मिळून टेबलावर ठेवलं. तो इतका धापा टाकायला लागला की मी पाणी दिलं. पाणी पिऊन तो स्टुलावर बसला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "हितला फोटो काढलाय डॉक्टरनं. चांगलं काय आलं न्हाई त्यात."

मी मिक्सरचा नट कुठं ठेवला ते शोधत बसलो.

"मला एकच सांग, भूपाल्या. फॉल्ट माझ्या लाईनीत हुता का ह्या खोक्यात? माझ्यात असला तर माझ्यात. कुणाला सांगत बसणार न्हाई. पण माझ्या हातानं माणूस मेला का न्हाई, एवढं कळून जाऊ दे. व्हॉल्व्हमधलं कळणारा तूच एक ऱ्हायलास."

आता इमूचं सांगतो. मी तिथं नव्हतो, पण इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलंय की माझ्या डोळ्यांदेखत झाल्यासारखं वाटतं.

नवरात्र होतं. म्हैसाळच्या बाजूचं एक गाव, नाव सांगत नाही. तिथं देवीच्या देवळापुढं सिमेंटचा मोठा कट्टा आहे, तोच स्टेज. त्या गावची रीत अशी की कार्यक्रमाआधी बायका कट्टा धुऊन काढायच्या आणि कलाकारानं चपला खाली काढून वर जायचं. सात वाजले होते. पहिलंच गाणं. इमूनं खोक्याचं बटन दाबलं, गिटार गळ्यात घातली, देवीला हात जोडले आणि सुरू केलं. अर्धं कडवं झालं असेल. लोकांना वाटलं पोरगं नाचतंय. टाळ्या पडल्या. गौसनं मेन स्विच ओढेपर्यंत इमू खाली पडला होता, आणि गिटार त्याच्या हातातनं सोडवता येत नव्हती.

तीस वर्षांचा होता. लग्नाला चार वर्षं झालेली.

लोकांनी गौसला धरला. लाईट त्याची, वायर त्याची, मग खून त्याचा. तो ओरडत होता, मी अर्थिंगचा खड्डा मारलाय, मीठ घातलंय, कोळसा घातलाय, या, बघा. कोण बघतंय. खड्ड्यातली पट्टी उपटून त्याच पट्टीनं त्याला मारला. सगळी वायरिंग ओढून फेकून दिली. दुसऱ्या दिवशी तपासायला वीजखात्याचे साहेब लोक आले तेव्हा बघायला काही उरलं नव्हतं. काही महिने तो आत होता. मग पुराव्याअभावी सुटला. पण 'सुटला' म्हणजे 'केलं नव्हतं' असं आपल्याकडं कुणी धरत नाही. त्यानंतर त्यानं वायर हातात घेतली नाही. स्वतःच्या घरातला दिवा गेला तरी शेजाऱ्याला हाक मारायचा.

"ठेवून जा," मी म्हणलं. "सवडीनं बघतो."

"न्हाई. माझ्यासमोर उघड."

"अरं, आठ स्क्रू गंजल्यात. वेळ लागंल."

"मला कुठं गाडी पकडायची हाय?"

मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. आठही स्क्रू सोडवले. एकेक स्क्रू मी इतक्या सावकाश फिरवला की गौस म्हणाला, "लेका, नवरी उतरवतोस काय पालखीतनं?" मी हसलो. तोही हसला. मग खोकला.

मागची फळी निघाली. धूळ, उंदराच्या लेंड्या, वाळून कागद झालेली एक पाल. चारातला एक व्हॉल्व्ह फुटलेला. कंडेन्सर फुगलेले. मी मुद्दाम कंडेन्सरवर टॉर्च धरली आणि बोलायला लागलो, हे असं असतं, हे तसं असतं, हवा लागली की ह्यातनं गळती होते. गौस ऐकत होता, पण त्याचे डोळे दुसरीकडं. वायरमन माणूस. त्याला व्हॉल्व्हमधलं कळत नव्हतं, वायरमधलं कळत होतं. त्यानं प्लगच्या तीन पिनांच्या टॉपपासनं सुरुवात केली आणि बोटानं वायर चाचपत आत आला. लाल ट्रान्स्फॉर्मरला. काळी ट्रान्स्फॉर्मरला.

"ही हिरवी कुठं जाती रे?"

मी टॉर्च कंडेन्सरवरच धरून ठेवली.

"टॉर्च हिकडं कर. हिकडं."

हिरवी तार आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला जोडलेली असायला हवी, पण ती आत दोन बोटं आली होती आणि तिथंच संपली होती. टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. त्यावर शिवणाचा दोरा, तीन गाठी.

"पत्र्याला जोडलेलीच न्हाई," गौस म्हणाला. आधी हळू म्हणाला. मग परत म्हणाला. "कापलीया. भूपाल्या, अर्थ कापलीया आतनं!"

मी मीटर लावला. लावायची गरज नव्हती. ट्रान्स्फॉर्मर पत्र्यात उतरला होता. सगळा पत्रा करंटमध्ये, पत्र्याला गिटारच्या तारा जोडलेल्या, आणि त्या करंटला जमिनीत जायला वाट नाही. वाट होती ती एकच. माणूस.

"म्हंजे माझा खड्डा बराबर हुता?"

"बराबर हुता."

"मीठ, कोळसा, पाणी, सगळं बराबर हुतं. माझी अर्थ ह्या टॉपपतूर आल्याली. फुडं कुणी घेतलीच न्हाई."

"व्हय."

गौसनं टोपी काढली. टोपीत तोंड घातलं आणि रडला. मोठ्यानं नाही. पाठ तेवढी हलत होती. समोरच्या चहावाल्यानं डोकावून बघितलं, मी हातानं जा म्हणून सांगितलं. रडून झाल्यावर त्यानं तोंड पुसलं. चेहऱ्यावर असं काही होतं की मला तिकडं बघवेना. पंधरा वर्षांपूर्वीचा गौस बसला होता तिथं.

"कुणी कापली असंल?"

सांगायची वेळ ती होती. समोर आयती ठेवली होती त्यानं.

"इमूनंच असंल," मी म्हणलं.

इतकं सहज तोंडातनं आलं की क्षणभर मलाच खरं वाटलं.

"इमूनं?" गौसनं कपाळ आक्रसलं. "फ्यूज बांधायला मला हाक मारायचा त्यो."

"नंतर शिकला असंल."

"व्हय. तुझ्या हाताखालचा म्हणल्यावर शिकला असंल थोडंफार." त्यानं तारेचं टोक परत आत सारलं. मग उठला. "झाक ते. रूथवहिनीला सांगू नकोस."

"का? तुझं नाव निघंल की ह्यातनं."

"निघून काय करायचंय आता? बाईला वाटंल, नवऱ्यानं सोताच सोताला मारलं. मला कळलं, बास झालं. गाव म्हणतंय ते म्हणू दे. सवय हाय मला." गाड्याला हात घालताना तो मागं वळला. "अल्ला तुझं भलं करू, भूपाल्या. हलकं केलंस मला."

तो गेला. मी फळी लावली नाही. त्या तीन गाठी बघत तिथंच बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी रूथ आली. रूथ आवळे दवाखान्यात सिस्टर आहे, वीस वर्षं वॉर्डात काढलेली. ड्यूटीवरनं सरळ आली होती, पांढरी साडी, छातीला घड्याळ लावलेलं. उघड्या खोक्याकडं तिनं एकदाच बघितलं आणि त्याच्याकडं पाठ करून बसली.

"अण्णा, काल गौसभाई घरी आले होते."

"हां."

"म्हणाले, वहिनी, उघडून बघितलं. फॉल्ट माझ्याच लाईनीत होता. माफ करा मला. आणि पायाशी वाकायला लागले."

त्यानं कुणाला सांगू नको म्हणून सांगितलं होतं. पण स्वतः जाऊन गुन्हा अंगावर घेईल हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"मी त्यांना कधीच दोष दिला नाही," रूथ म्हणाली. "दर नाताळला माझ्या दारात केळ्यांची फणी असते. हाक मारत नाहीत, ठेवून जातात. पण काल काय झालं सांगू? तोंडानं माफी मागत होते आणि माणूस हलका दिसत होता. रात्रभर पोटात दुखून सकाळी थांबलेल्या पेशंटसारखा. आपली चूक कळलेला माणूस असा दिसत नाही, अण्णा. मी बघितलेत तसले." तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "आत काय निघालं?"

"तार कापलेली निघाली. अर्थची."

"कुणी कापली?"

"इमूनं असंल, असं मी..."

"इमू?" ती हसली. हसली म्हणजे ओठ तेवढे हलले. "घरातला बल्ब बदलताना इमू हाताला प्लास्टिकची पिशवी बांधायचे. मी चेष्टा करायची, ऑपरेशन आहे का म्हणून."

समोर चहावाल्याचा स्टोव्ह आवाज करत होता. मी मिक्सरचा नट हातात घेतला.

"मी एक विचारते. पंधरा वर्षं विचारायचं होतं, पण कुणाला विचारायचं ते कळत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी चपला काढल्या. दुसऱ्याच्या देवापुढं जास्त जपून वागायचं, असं म्हणायचे. नंतर त्यांना मीच धुतलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तळव्यांना दोन डाग होते, बिडी टेकवल्यासारखे." तिनं एकदम माझ्या पायांकडं बोट केलं. "तुम्ही त्याच कट्ट्यावर तीन वर्षं वाजवलं. तिथल्या बायका तुमच्या नावानं बोटं मोडायच्या, हा मग्रूर चपला काढत नाही म्हणून. हेच खोकं होतं. तुम्हाला काही झालं नाही. तुम्ही चपला का काढत नव्हता, अण्णा?"

मी सांगितलं. सगळं. खाली बघत, मिक्सरच्या नटाशी चाळा करत सांगितलं, पण सांगितलं.

गिटारचं खोकं आणि माईकची मशीन एकाच लाईनीवर लावली की घूंऽऽ करून आवाज यायचा. सगळ्या ऑर्केस्ट्रांना तो त्रास. गाणं हळू आलं की घुरघुर वर यायची. मी एकदा वैतागून आतली हिरवी तार कापली आणि आवाज मेला. साफ. टेप नव्हती म्हणून सायकलची ट्यूब गुंडाळली, बायकोच्या शिवणाचा दोरा बांधला. तीन गाठी. माझ्या बापाची सवय, मोटेचा दोर बांधायचा तसा. मग काय विचारता. कोल्हापूर, सांगली, निपाणी, सगळीकडनं वादक यायचे, भूपाल, तुझ्या खोक्याला हमिंग का नाही? मी पान लावायचो आणि हसायचो. चौथी नापास माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी काही विचारायला येत होतं.

मग एकदा घरी अनवाणी वाजवताना तळव्याला मुंग्या आल्या. मला कळलं काय ते. मी रबराची जाड चप्पल घेतली, बास. तार जोडली असती तर आवाज परत आला असता. लोक मग्रूर म्हणाले, म्हणू दिलं. कारण सांगायचं तर गुपित सांगावं लागलं असतं.

खोकं इमूला दिलं त्या दिवशी तो म्हणाला होता, "अण्णा, हमिंग कसं घालवलं तेवढं सांगा की." मी म्हणलं, मला कळायला इतकी वर्षं लागली, तू आधी तेवढी वाजव, मग सांगतो. चप्पल काढू नको, हे जिभेवर आलं होतं. पण मग त्यानं विचारलं असतं, का? म्हणून गिळलं.

रूथ ऐकत होती. रडली नाही. पाणी मागितलं. मी दिलं, ते तिनं हातात धरलं, प्यायली नाही, तसंच खाली ठेवलं.

"दुरुस्त करा," ती म्हणाली.

"आं?"

"खोकं दुरुस्त करा. पूर्ण. झालं की निरोप द्या. त्यांची गिटार माझ्याकडं आहे, ती मी आणते. गौसभाईंना पण आणते. त्यांना तुम्ही सांगायचं, माझ्यासमोर. आणि मग ही फरशी ओली करायची, आणि तुम्ही चपला काढून वाजवायचं."

ती पायरी उतरली आणि गेली.

अकरा दिवस लागले. ट्रान्स्फॉर्मर उकलून नवी तार भरून घेतली. कंडेन्सर सगळे बदलले. व्हॉल्व्ह मुंबईहून मागवला. बायको म्हणाली, "कुणाचं एवढं मोठं काम आलंय?" मी म्हणलं, आपलंच आहे. सगळ्यात शेवटी हिरवी तार. गाठी कापल्या, ट्यूब काढली, आत तांबं अजून चकचकीत होतं. पत्र्याला एक भोक, एक नट, सोल्डरचा एक टाका. तंबाखू मळायला लागतो तेवढा वेळ लागला.

दोघं आले तेव्हा चार वाजले होते, उन्हं उतरायला लागलेली. गौस रिक्षातनं उतरला, रूथनं हाताला धरलं होतं. तो मजेत होता. "काय रं, बारसं हाय व्हय खोक्याचं? वहिनी म्हणल्या चला, म्हणलं चला."

"बस, गौस," मी म्हणलं. "तार मी कापली हुती."

त्याला आधी कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. रूथला सांगताना नट होता हातात, आता तोही नव्हता. मी सांगत होतो आणि त्याचा चेहरा बदलत नव्हता. तेच फार वाईट होतं. शिव्या दिल्या असत्या, उठून कानफाटात मारली असती तर बरं वाटलं असतं. एके काळी माझ्या अंगणातल्या कैऱ्या हक्कानं न्यायला येणारा हा घरचा माणूस. कोर्टात माझी साक्ष काढली होती त्यानं, 'भूपालला विचारा, मी कसं काम करतो.' मी गेलो होतो. 'काम चांगलं करतो' म्हणून सांगितलं होतं, आणि घरी येऊन जेवलो होतो.

माझं बोलणं संपलं. गौसनं खाली वाकून माझी एक चप्पल उचलली. ती मी आधीच काढून ठेवली होती. त्यानं ती उलटी केली, अंगठ्यानं तळ दाबून बघितला.

"रबर चांगलं हाय," म्हणाला. आणि परत जागेवर ठेवली.

मग उठला. "अर्थिंग कुठं हाय तुझी?"

"मागं. नळापाशी."

"पाणी घालतोस?"

"न्हाई. राहून जातं."

"खड्डा कोरडा पडला की अर्थ मरती. कितींदा सांगितलंय लोकास्नी मी." त्यानं कोपऱ्यातली बादली घेतली, टेबलावरनं पाना घेतला आणि मागच्या दारानं गेला.

बराच वेळ तो आला नाही. नळ चालल्याचा आवाज येत होता. मग लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. त्यानं अर्थिंगची पट्टी आवळली का सोडली, मला दिसत नव्हतं.

"बघायला जाऊ नका," रूथ म्हणाली.

मी हललोच नव्हतो. बघायचा हक्क होता कुठं मला? इमूनं बघितलं होतं का, मी आत काय करून ठेवलंय ते?

रूथनं कापडातनं गिटार काढली. सहा तारांतल्या चार शिल्लक होत्या, गंजलेल्या. मी जमतील तेवढ्या सुरात लावल्या, गिटार खोक्याला जोडली, आणि रिपेरीला आलेली एक माईकची मशीन स्टेजवर असायची तशी खोक्याला जोडून त्याच लाईनीवर लावली. पट्टा गळ्यात घातला. इमू माझ्यापेक्षा उंच होता, गिटार माझ्या मांडीवर आली.

गौस आत आला. कोपरापर्यंत चिखल. बादलीत राहिलेलं पाणी त्यानं माझ्या पायाशी ओतलं. गार पाणी. शहाबादी फरशीवर पसरत पार उंबऱ्यापर्यंत गेलं. मग हात शर्टला पुसले आणि भिंतीवरच्या बोर्डापाशी जाऊन उभा राहिला. पंधरा वर्षं त्यानं बटनाला हात लावला नव्हता. बोट बटनावर ठेवून थांबला.

"त्यांनी अर्धंच वाजवलं होतं," रूथ म्हणाली. "तुम्ही पूर्ण वाजवा."

"तारा धर," गौस म्हणाला.

मी डावा हात गिटारच्या गळ्यावर ठेवला, चारही तारा दाबल्या. उजवा हात तारांवर. गौसकडं बघितलं. तो माझ्याकडं नाही, माझ्या पायांकडं बघत होता.

त्यानं बटन दाबलं.

खोकं लगेच बोलत नाही, सांगितलंच आहे. आधी तापतं. मी उभा होतो. पाणी बोटांच्या मधनं वर येत होतं. आतल्या काचा हळूहळू लाल झाल्या. मग घूंऽऽ सुरू झालं. तीच घुरघुर, जी मी कापून टाकली होती. इतकी वर्षं बाहेर थांबवून ठेवलेली परत आली आणि अख्खं दुकान भरून राहिली. मी वाजवायला सुरुवात केली. बोटं जड झालेली, गंज टोचत होता, सूर जाग्यावर नव्हते. पहिलं कडवं. दुसरं. रूथ छातीवरच्या घड्याळाकडं बघत होती, नाडी मोजल्यासारखी. शेवटपर्यंत वाजवलं.

काही झालं नाही. साध्या मुंग्यासुद्धा नाहीत.

मी थांबलो. घुरघुर तेवढी चालू राहिली. गौस पुढं आला, ओल्या फरशीवर वाकला, आणि चिखलाच्या बोटानं खोक्याच्या मागं हात घालून ती हिरवी तार चाचपली. एक नट. एक टाका.

"एवढंच हुतं व्हय रे?" तो म्हणाला.